९७ पर्सेंटाइल आहेत, पण कॉलेज कुठलं? ऑप्शन फॉर्मची यादी अशी बनवा

गेल्या महिन्यात सोलापूरहून मावशीचा फोन आला. "अरे, हिला सीईटीला ९७ पडले. आता पुण्याचं सीओईपी मिळेल की नाही?" मागून मावसबहिणीचा आवाज, "दादा, मला कॉम्प्युटर पण आवडतं, बायोलॉजी पण आवडतं. नाटक तर सोडणारच नाही. मग मी भरू काय?"

हे दोन प्रश्न वेगळे आहेत. एक 'काय मिळेल' आणि दुसरा 'काय हवंय'. बहुतेक घरांत दोन्हींची खिचडी होते आणि शेवटच्या दिवशी सायबर कॅफेत बसून घाईघाईत यादी भरली जाते. मी स्वतः तेच केलं होतं. फक्त नऊ ऑप्शन भरले, सगळे पुण्या-मुंबईचे. सोलापूरचं एकही नाही, कारण मित्र काय म्हणतील! पहिल्या फेरीत काहीच मिळालं नाही. पुढच्या फेरीत घाबरून जे दिसेल ते टाकलं आणि नको असलेल्या ब्रँचमध्ये चार वर्षं काढली. चूक माझीच होती. म्हणून हा लेख.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नाहीत

९७ पर्सेंटाइल म्हणजे तुमच्या सत्रात परीक्षा दिलेल्या १०० पैकी साधारण ९७ मुलं तुमच्याइतकी किंवा तुमच्या मागे. ऐकायला भारी वाटतं. आता हिशोब करा. समजा ४ लाख मुलांनी परीक्षा दिली. ९७ ला तुमच्या पुढे १२,००० मुलं असतात, ९९ ला ४,००० आणि ९९.९ ला फक्त ४००. म्हणजे ९७ आणि ९९ मधला 'दोनचाच फरक' प्रत्यक्षात ८,००० मुलांचा आहे. सीओईपीचं कॉम्प्युटर खुल्या प्रवर्गात ९९ च्याही बरंच पुढे बंद होतं. मावशीला हे सांगणं जड गेलं, पण फॉर्म भरायच्या आधी सांगितलेलं बरं.

कटऑफ कोणी ठरवत नाही

कॉलेज आधी कटऑफ ठरवतं आणि मग मुलं घेतं, असा अनेकांचा समज असतो. तसं नाही. त्या फेरीत, त्या ब्रँचला, त्या प्रकारच्या जागेवर सगळ्यात शेवटी ज्याला प्रवेश मिळाला त्याचे पर्सेंटाइल म्हणजे कटऑफ. त्यामुळे तो दरवर्षी हलतो. एका वर्षाचा आकडा बघून निर्णय घेऊ नका, तीन वर्षांचे बघा.

सीईटी सेलच्या कटऑफ पीडीएफमध्ये 'जीओपनएच', 'एलओपनओ' असले कोड दिसतात. ते असे वाचा: पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठी राखीव. मधे प्रवर्ग. शेवटचं एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठाचे, एस म्हणजे राज्यस्तर. सोलापूर विद्यापीठाची हद्द फक्त सोलापूर जिल्ह्यापुरती आहे. म्हणजे बारावी सोलापुरात केलेल्या मुलीने पुण्याच्या कॉलेजची 'एच'ची ओळ बघून खूश किंवा नाराज होण्यात अर्थ नाही. तिने 'ओ' किंवा 'एस'ची ओळ बघायची.

अजून एक घोळ आपल्याकडे हमखास होतो. शेठ वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे, आणि त्या नावाची इंजिनिअरिंग कॉलेजं दोन आहेत: सांगलीचं १९४७ चं आणि सोलापूरचं १९८३ चं. कटऑफ वेगळे, कोड वेगळे. नावावर जाऊ नका, कोड तपासा.

मशीन तुमची यादी कशी वाचतं?

सोप्या शब्दांत सांगायचं तर सिस्टीम गुणवत्ता यादीत वरून एकेक विद्यार्थी घेते. त्याची यादी पहिल्या ऑप्शनपासून वाचते आणि जागा शिल्लक असलेला पहिला ऑप्शन त्याला देते. आरक्षणामुळे प्रत्यक्षात गुंता वाढतो, पण गाभा हाच.

याचा अर्थ, वर पाच स्वप्नातली कॉलेजं टाकली म्हणून सहाव्या ऑप्शनची संधी कमी होत नाही. तुमचा नंबर येईल तेव्हा ती पाच भरलेली असतील तर मशीन सरळ सहाव्यावर येईल. म्हणून क्रम कटऑफप्रमाणे लावू नका, आवडीप्रमाणे लावा.

(आयआयटी, एनआयटीची जोसा प्रक्रिया वेगळी, तिथे जेईईची रँक चालते. तिच्या मुळाशी गेल आणि शॅप्ली या दोन गणितज्ञांनी १९६२ साली मांडलेली पद्धत आहे. शॅप्लींना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.)

पण एक मेख आहे. २०२५ पासून कॅपच्या चार फेऱ्या आहेत. पहिल्या फेरीत पहिला ऑप्शन, दुसरीत पहिल्या तीनपैकी किंवा तिसरीत पहिल्या सहापैकी एखादा मिळाला, तर ती जागा आपोआप पक्की होते आणि पुढच्या फेऱ्या तुमच्यासाठी बंद. त्यामुळे पहिल्या सहांत 'उगाच टाकून ठेवलेलं' काहीही नको. नियम बदलतात, त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचाच.

तीन ढीग करा

आम्ही दोघांनी एक शीट उघडली. कॉलेज, ब्रँच, तीन वर्षांचे कटऑफ, फी, होस्टेल, सोलापूरपासूनचं अंतर, एवढे रकाने. मग तीन ढीग:

१. स्वप्नातली: तिन्ही वर्षी कटऑफ तुमच्यापेक्षा वर.
२. आवाक्यातली: एखाद्या वर्षी वर, एखाद्या वर्षी खाली.
३. हातची: तिन्ही वर्षी तुमच्यापेक्षा बऱ्यापैकी खाली.

मधला ढीग सगळ्यात मोठा ठेवा. आणि हातच्या ढिगात तेच टाका जिथे तुम्ही खरंच जाल. 'मिळालं तरी जाणार नाही' असं कॉलेज यादीत असून उपयोग काय?

पैशाचा रकाना विसरू नका. २०२४-२५ पासून राज्यात ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण प्रवेश कॅपमधून हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नाही. होस्टेल-मेसचा खर्च मात्र उरतोच.

सगळंच आवडतं, मग?

बारावीत सगळं आवडणं हा दोष नाही. फक्त ब्रँचचं नाव बघण्याऐवजी दारं उघडी राहतात का ते बघा. मायनर घेता येतो का? पहिल्या वर्षानंतर ब्रँच बदलता येते का? नाटकाचा चालू ग्रुप आहे का? हे तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा, वेबसाइटला नको.

इंजिनिअरिंगच्या बाहेरही बघा. पुण्याच्या आयसरमध्ये सुरुवातीला सगळी विज्ञानं शिकवतात, पुढे विषय निवडायचा. बंगळुरूच्या आयआयएससीचा संशोधनाचा पदवी अभ्यासक्रमही तसाच. पण त्यासाठी सीईटी चालत नाही. आयसरला आयएटी ही वेगळी परीक्षा लागते आणि तिचा फॉर्म निकालाच्या बराच आधी भरावा लागतो. बहिणीला हे यंदा उशिरा कळलं. अकरावीतल्या मुलांनी आत्ताच लिहून ठेवा.

तिची यादी शेवटी ३४ ऑप्शनची झाली. पहिले चार स्वप्नातले. सोलापूरचं कॉलेज २१ व्या नंबरवर, तिने स्वतःहून टाकलेलं. मी विचारलं, "इथे मिळालं तर?" ती म्हणाली, "मग घरून डबा नेणार आणि नाटक करणार. काय बिघडलं?"

मला अठराव्या वर्षी हे सुचलं नव्हतं. फॉर्म कन्फर्म करून प्रिंट काढायला मात्र विसरू नका.