घरची बंदूक : निवड, डागडुजी आणि विक्री

बंदुकीवर बोलायला कामगार संघटनेचा माणूस कशाला, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. बँकेच्या किंवा सराफी पेढीच्या दारात दुनळी घेऊन बसलेला रखवालदार आपण रोज पाहता. ती दुनळी पुष्कळदा ना पेढीची असते, ना त्याला कामावर लावणाऱ्या एजन्सीची. ती त्याची स्वतःची असते, परवाना त्याच्या नावावर असतो आणि ती घेण्यासाठी गावाकडे घरातले काहीतरी गहाण पडलेले असते. गवंड्याची थापी तसे त्याचे हे हत्यार. पण थापी कुणालाही विकता येते, बंदूक विकता येत नाही. अशा माणसांत पुष्कळ वर्षे काम केल्यामुळे हा कायदा मला वाचावा लागला. तो कॉलेजात नव्हे, कोर्टाच्या व्हरांड्यात वाचला.

इंग्रजांनी १८७८ साली हत्यारांचा कायदा करून हिंदी माणसाच्या हातातली बंदूक परवान्याला बांधली. १९३१ च्या कराची काँग्रेसने नियमांच्या अधीन राहून हत्यार बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या ठरावात घातला होता. राज्यघटनेत मात्र तो आला नाही. आज चालतो तो १९५९ चा कायदा. एका परवानाधारकाला त्याखाली तीन बंदुका ठेवता येत. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने त्या दोन झाल्या, आणि तिसरी वर्षभरात पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी असे ठरले. वाडवडिलांची बंदूकही या दोहोंतच मोजायची. त्यामुळे ज्यांच्या घरी आजोबांची, वडिलांची आणि स्वतः घेतलेली अशा तीन होत्या, त्यांना कोणती ठेवू नि कोणती देऊ हा विचार करणे भाग पडले. घाईघाईत पुष्कळांनी चांगली दिली आणि चकचकीत ठेवली.

म्हणून निवडीविषयी थोडे विस्ताराने सांगतो. 'बारा बोअर' हा शब्द सगळे वापरतात. अर्थ थोड्यांना ठाऊक असतो. एक रत्तल शिशाचे सारखे बारा गोळे ओतले, तर त्यातला एक ज्या नळीत नेमका बसेल ती बारा बोअरची नळी. तिचा व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर. वीस गोळे केले की गोळा लहान, म्हणून वीस बोअरची नळी बारीक. आकडा वाढला की बंदूक मोठी, असे समजून दुकानात जाणारे मी पाहिले आहेत! रायफलीचा हिशेब निराळा, तो इंचाच्या भागांत होतो. पॉइंट ३०३ हे लष्करी माप सामान्य नागरिकाला बंद, म्हणून ईशापूरच्या कारखान्याने नागरिकांसाठी पॉइंट ३१५ ची रायफल काढली.

जुनी विलायती दुनळी हाती आली तर नक्षी पाहू नका, नळ्या उतरवून त्यांच्या बुडाखालचे शिक्के पाहा. लंडन आणि बर्मिंगहॅम येथील परीक्षागृहांत प्रत्येक नळी जादा दारूचा बार काढून तपासली जाते आणि मगच शिक्का बसतो. काळ्या दारूसाठी तपासलेली नळी आणि आजच्या बिनधुराच्या दारूसाठी तपासलेली नळी यांचे शिक्के वेगळे असतात. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली, अंगावर लाटांची वेलबुट्टी दिसणारी नळी पाहायला देखणी. पण तिच्यात आजचे काडतूस घालणे म्हणजे जिवाशी खेळ. तशी बंदूक आठवण म्हणून ठेवावी, वापरासाठी दुसरी निवडावी. मात्र विलायती म्हणून कुठलीही बंदूक फुंकून टाकू नये. १९८० नंतरच्या दशकात नागरिकांसाठी परदेशी बंदुकांची आयात जवळपास बंद झाल्यापासून चांगल्या जुन्या मालाला भाव आहे.

आता डागडुजी. दस्ता हा बंदुकीचा अंगरखा आहे. तो ज्याच्या त्याच्या मापाचा हवा. बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करावी, डोळे मिटून ती खांद्याला लावावी आणि डोळे उघडावे. नजर नळीवरून सरळ धावली तर माप जुळले. लांब हातांच्या साहेबासाठी केलेला दस्ता आपल्या माणसाला बहुधा मोठा पडतो. तो कापून घ्यावा, बुडाला रबराची गादी बसवावी, पण कापलेला तुकडा जपून ठेवावा. पुढे घेणारा तो मागतो. हे काम परवाना असलेल्या कारागिराकडूनच करावे. गल्लीतल्या मिस्त्रीच्या हाती बंदूक सोपवली तर मालक आणि मिस्त्री दोघेही अडकतात. नळी आखूड करणे हा तर स्वतंत्र गुन्हा आहे. आणि नंबर? गंज काढण्याच्या नादात घासून घासून नंबर पुसट करणारे शहाणे कमी नाहीत. ओळखीचे चिन्ह नसलेली बंदूक विकताच येत नाही, आणि ते मुद्दाम पुसणाऱ्याला तुरुंग आहे.

विक्रीत आमची माणसे नाडली जातात ती अशी. एक रखवालदार म्हातारा होऊन गावी निघाला. एजन्सीच्या माणसाने त्याला सांगितले, "काका, बंदूक इथेच ठेवा, नव्या पोराला देतो, पैसे मागाहून पाठवतो." पैसे निम्मे आले, परवाना काकांच्या नावावर आणि बंदूक भलत्याच्याच खांद्यावर. उद्या तिच्यातून बार उडाला असता तर पोलीस काकांच्या दारात उभे राहिले असते. आम्ही ती बंदूक परत मिळवून विक्रेत्याकडे जमा करवली आणि मग रीतसर विकली.

रीत अवघड नाही. खासगी वापराची बंदूक दुसऱ्या परवानाधारकाला विकायची असेल, तर जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचे, घेणाऱ्याचे नावपत्ता द्यायचा, आणि त्यानंतर ४५ दिवस थांबायचे. या ४५ दिवसांत इसारापोटी रक्कम घेतली तरी बंदूक हलवायची नाही. घेणाऱ्याचा परवाना डोळ्यांनी पाहावा. त्यात त्याच प्रकारची बंदूक लिहिलेली आहे का, मुदत उरली आहे का, हे तपासावे. मुलालाच द्यायची असेल, तर २०१६ च्या नियमांप्रमाणे बापाचे वय ७० झाल्यावर किंवा बंदूक २५ वर्षे बाळगल्यावर मुलाला अर्ज करता येतो. कोकणात शेतीच्या राखणीची ठासणीची बंदूक घरोघर आढळते. त्या घरांनी हे ध्यानात ठेवावे.

मालक वारला आणि वारसाकडे परवाना नसला, तर दिवसकार्य आटोपेपर्यंतसुद्धा ती माळ्यावर ठेवू नये. ताबडतोब ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करावी आणि पावतीवर बंदुकीचा नंबर लिहून घ्यावा. जमा केल्याने हक्क जात नाही. ठरल्या मुदतीत वारसाला परवाना काढून ती परत घेता येते किंवा विकून पैसे घेता येतात. ती मुदत उलटली की बंदूक सरकारजमा होते, म्हणून पावती मिळेल त्या दिवशीच मुदतीची तारीख विचारून तिच्यावर टिपून ठेवावी.