तारीख कोणी द्यायची?

मागच्या वेळी आपण वचन आणि अंदाज यांतला फरक पाहिला. आज त्याचंच एक उदाहरण घेऊ. डेबियन ही संगणकाची कार्यप्रणाली जगभरचे स्वयंसेवक मिळून तयार करतात. त्यांच्या प्रकल्पाला लिखित घटना आहे आणि तिच्यात एक कलम आहे : प्रकल्पासाठी काम करण्याचं बंधन कोणावरही नाही. आता सांगा, जिथे बंधनच नाही तिथे नव्या आवृत्तीची तारीख कोण देणार?

डेबियनचं जुनं उत्तर होतं, 'तयार होईल तेव्हा.' उत्तर प्रामाणिक आहे. पण झालं काय? 'वुडी' आवृत्ती जुलै २००२ मध्ये निघाली आणि पुढची 'सार्ज' यायला जून २००५ उजाडला. हा आळस नव्हे बरं का! पुढची एसटी कधी येणार हे ठाऊक नसलं की जो तो आहे त्याच गाडीत घुसतो. तसंच इथे प्रत्येकाला आपला बदल याच आवृत्तीत हवा. नवा बदल म्हणजे नव्या चुका. त्या निस्तरेपर्यंत आणखी कोणी धावत येतो.

२००६ मध्ये काहींनी पैशाचा उपाय केला. आवृत्तीची जबाबदारी सांभाळणाऱ्या दोघांना मानधन देऊन पूर्णवेळ बसवायचं, म्हणजे डिसेंबरात 'एच' बाहेर पडेल. त्यावरून मोठा वाद झाला. फुकट राबणाऱ्या काहींनी आपलं काम उघडपणे कमी केलं. 'एच' आली एप्रिल २००७ मध्ये. उशीर पैशामुळेच झाला असं आम्ही म्हणणार नाही. पण कालपर्यंत सारखे असलेल्यांत आज एकाच्या वेळेला किंमत लागली, हे मनाला लागणारच.

२००९ मध्ये वेगळा विचार पुढे आला, आणि आम्हाला तो जास्त शहाणपणाचा वाटतो. ठरवायची ती प्रकाशनाची तारीख नाही, गोठवणीची. त्या दिवसानंतर नवं काही आत घ्यायचं नाही, फक्त चुका दुरुस्त करायच्या. प्रकाशन मात्र तयार होईल तेव्हाच. यात कोणाला हुकूम नाही. दार कधी बंद होणार एवढंच सांगितलेलं आहे. पहिल्या खेपेला वेळापत्रक घसरलं खरं, पण २०११ पासून साधारण दर दोन वर्षांनी आवृत्ती येते आहे.

गंभीर चूक असलेलं पॅकेज वेळेत सुधारलं नाही तर ते वगळतात. मग त्यावर विसंबून असलेल्यांनी काय करायचं? त्याचं पालकत्व दुसरा कोणी घेऊ शकतो. अर्थात, त्याला वाटलं तर.