मेलबर्नहून: हकिगत एकदाच सांगायची

कौटुंबिक हिंसेचा विषय निघाला की भारतातून येणाऱ्या पत्रांत दोन समज हमखास असतात. गोऱ्यांच्या देशात बायकांना मार बसत नाही, हा एक. बसलाच तर पोलिस येऊन संसार मोडतात, हा दुसरा. दोन्ही खोटे. इथेही मार बसतो, जीव जातात. फेब्रुवारी २०१४ मध्ये मेलबर्नजवळच्या टायबच्या क्रिकेट मैदानावर ११ वर्षांच्या ल्यूक बॅटीला त्याच्या बापानेच ठार मारलं. बापावर वॉरंटं होती, कोर्टाचा मनाई हुकूम होता, बालसंरक्षण खात्यालाही घर माहीत होतं. ज्याची त्याची माहिती ज्याच्या त्याच्या कपाटात राहिली.

ल्यूकची आई रोझी बॅटी गप्प बसली नाही. इथल्या व्हिक्टोरिया राज्याने कौटुंबिक हिंसेवर रॉयल कमिशन, म्हणजे चौकशी आयोग, नेमलं, २०१६ मध्ये २२७ शिफारशी आल्या आणि सरकारने सगळ्या स्वीकारल्या. आपल्याकडचे अहवाल आठवून जीव जळतो.

याचा उपयोग काय झाला, ते ओळखीतल्या एका नाशिककडच्या मुलीच्या घरी कळलं. रात्री शेजाऱ्यांनी फोन केला. पोलिसांनी नवऱ्याला बाहेर थांबवलं, तिला स्वयंपाकघरात बसवलं आणि फोनवर मराठी दुभाषी घेतली. पहिल्या काही प्रश्नांत एक होता: त्याने कधी गळा दाबलाय का? गळा दाबणारा माणूस पुढे जीवही घेऊ शकतो, हे इथल्या शिपायालाही शिकवलेलं असतं. ती हो म्हणाली. घर सोडण्याची नोटीस मिळाली ती नवऱ्याला! पोलिसांचा फॉर्म ‘ऑरेंज डोअर’ या मदतकेंद्राकडे गेला आणि तिथल्या बाईंनी आपणहून हिला फोन केला. धोका दिसला की पोलिस, दवाखाना, शाळा यांनी एकमेकांना माहिती द्यावी, असा इथे कायदा आहे. त्यासाठी मारणाऱ्याची परवानगी लागत नाही.

तिकडे भारतात माझ्या मामेबहिणीला पोलिस ठाण्यात ‘घरातलं घरात मिटवा’ म्हणून सांगितलं होतं. दवाखान्यात पुन्हा पहिल्यापासून सांगा, वकिलाला सांगा, संरक्षण अधिकारी ‘मीटिंगला गेलेत’ म्हणून उद्या या. कडेवर पोर आणि हातात तीच फाइल घेऊन ती हिंडत होती. संताप येतो तो अशासाठी, की आपल्याकडे यातलं काही नाही असं नाही. कौटुंबिक हिंसेविरुद्धचा २००५ चा कायदा चांगला आहे. घटनेचा अहवाल लिहून मॅजिस्ट्रेटकडे पाठवणं हे त्या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याचं कामच आहे. अर्ज ६० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असं कलम १२ सांगतं. आणि पोलिसांच्या आवारात समाजकार्यकर्ती बसवण्याची कल्पना मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्येच ‘महिला व मुलांसाठी विशेष कक्ष’ काढून राबवली. मेलबर्नच्या किती आधी!

इथलं सगळं गोड नाही. विद्यार्थी व्हिसावरच्या नवऱ्यामागून आलेल्या बायकोने घर सोडलं, तर तिचा व्हिसाच धोक्यात येतो. पार्टनर व्हिसावाल्यांना असलेलं संरक्षण तिला नाही, आणि आपल्या कितीतरी मुली नेमक्या तिच्यासारख्याच, विद्यार्थी नवऱ्याच्या व्हिसावर येतात. मुलीला पाठवण्याआधी आईबापांनी एवढं विचारून घ्यावं.

आणि तिकडे असलेल्यांनी आपल्या तालुक्याचा संरक्षण अधिकारी कोण, त्याच्याकडे आणखी कोणकोणते कार्यभार आहेत, हे एकदा कचेरीत जाऊन विचारावं. उत्तर लेखी मागावं.