निवेदकाची कैफियत

गंगाधर गाडगीळ आणि जी. ए. कुलकर्णी या दोघांचाही जन्म १९२३ सालचा. त्यांच्या शताब्दीनिमित्त झालेल्या ज्या भाषणांस मी हजर होतो, त्यांत कथेच्या आशयाचा ऊहापोह पुष्कळ झाला, परंतु ती कोणाच्या मुखाने सांगितली जाते, हा प्रश्न कोणासही पडला नाही.

हरिभाऊ आपट्यांच्या स्फुट गोष्टींपासून ना. सी. फडक्यांपर्यंतचा सर्वज्ञ निवेदक, ज्याला कोणत्याही पात्राच्या मनात केव्हाही शिरण्याची मुभा होती, त्याने मला कधीच फारसे रमवले नाही. माझा काळ १९७२ ते १९८२, म्हणजे जी.एं.च्या ‘काजळमाया’च्या प्रकाशनापासून ‘सत्यकथा’ मासिक बंद पडेपर्यंतचा. बंगळुरात टपालाने येणाऱ्या त्या मासिकाच्या अंकाची मी वाट पाहत असता, याच शहरात, गवीपुरम भागात, मास्ती व्यंकटेश अय्यंगार राहत होते. दुसऱ्याकडून ऐकलेली हकीकत आपण केवळ पुढे सांगत आहोत, असा त्यांच्या कन्नड कथांतील निवेदकाचा पुष्कळदा पवित्रा असे. उलट, धारवाडात राहून मराठीत लिहिणारे जी.ए. (आणि मुंबईत राहून कन्नडात लिहिणारे यशवंत चित्ताल, हा व्यवहार दोन्ही भाषांना लाभलाच) पात्राच्या यातनेला अगदी लगटून उभे राहत, पण तिचा अर्थ त्याला सहसा हाती लागू देत नसत.

त्याच दशकात एका परिसंवादात एका विद्वानांनी निवेदनदृष्टी ही निव्वळ कारागिरी ठरवली आणि अध्यक्षांनी मला उत्तरास वेळ दिला नाही. ते उत्तर असे की, व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसे’मधील (१९४९) ‘मी’ साक्षीदारासारखा बाजूला उभा राहतो, म्हणूनच ती माणसे आपल्या पायांवर उभी राहतात. तीच हकीकत त्यांच्या स्वतःच्या तोंडी घातली असती, तर तिची कैफियत झाली असती, आणि कैफियत देणाऱ्याला आपली बाजू सोडून दुसरे दिसतेच कोठे?

आज परीक्षणासाठी माझ्याकडे येणाऱ्या कथांत बहुधा असा कैफियत देणारा ‘मी’च असतो, तो सिल्क बोर्डाच्या चौकात मोटारीत अडकलेला असतो आणि त्याला स्वतःविषयी सर्व काही ठाऊक असते. यंदा एकाच कथेत घरची मोलकरीण निवेदक होती. तीही मालकिणीच्याच भाषेत बोलत होती, आणि इतर परीक्षकांनी तिलाच पहिले पारितोषिक दिले.