पेजरचा निरोप मोबाइलवर

बंगळूर शहराच्या आग्नेयेस बेळ्ळंदूर नावाचे विस्तीर्ण तळे आहे. त्याच्या आसपास आज संगणक-व्यवसायाच्या कचेऱ्या व उंच गृहसंकुले उभी असून त्यांत मराठी कुटुंबेही राहतात. सप्टेंबर २०२२ मध्ये एका रात्रीच्या मुसळधार पावसाने हा सारा भाग जलमय झाला. तळघरांत पाणी शिरले, वीज गेली, आणि कचेरीला निघालेले अभियंते ट्रॅक्टरवर बसून रस्ता ओलांडू लागले. अशा वेळी खिशातील मोबाइल फोन कितपत भरवशाचा ठरतो? त्याच्या मनोऱ्याला वीज लागते, आणि मनोऱ्याखालची बॅटरी काही तासच पुरते. संकटाच्या घडीला सारे एकदम बोलू पाहतात, ही अडचण वेगळीच.

या प्रश्नाचे एक उत्तर विस्मरणात गेलेल्या पेजरमध्ये सापडते. भारतात १९९० नंतरच्या दशकात डॉक्टर, दलाल व व्यापारी कमरेला ही डबी लावून हिंडत. निरोप देणाराने दूरध्वनीवरून मजकूर सांगावा, तिकडच्या बाईंनी तो टंकित करावा, आणि मग डबी वाजावी, असा तो प्रकार होता. मोबाइल स्वस्त झाला, २००३ मध्ये येणारे कॉल विनामूल्य झाले, आणि पेजरचे दिवस संपले.

त्याची रचना मात्र मोठी हुशारीची होती. पेजर स्वतः काहीच प्रक्षेपित करीत नाही. तो केवळ ऐकतो. पोकसॅग या ब्रिटिश टपालखात्याच्या पुढाकाराने ठरलेल्या पद्धतीत प्रत्येक पेजरला एक क्रमांक असतो, आणि असे २० लाखांहून अधिक क्रमांक देता येतात. निरोपांची प्रत्येक तुकडी आठ कप्प्यांत विभागलेली असते. पेजरच्या क्रमांकाला आठाने भागून जी बाकी उरते, तोच त्याचा कप्पा. तेवढ्या क्षणापुरते त्याने कान उघडावेत, एरवी झोप काढावी. म्हणूनच लहानशी बॅटरी त्याला कित्येक आठवडे पुरते. शिवाय प्रत्येक शब्दासोबत तपासणीचे अंक धाडलेले असल्याने वाटेत एखादे अक्षर बिघडले, तरी ते बहुधा दुरुस्त करता येते. एकाच प्रक्षेपणाने शेकडो पेजर वाजविता येतात. गर्दीचा प्रश्नच उद्भवत नाही.

धंद्याने टाकून दिलेली ही पद्धत हौशी बिनतारी मंडळींनी उचलली. जर्मनीत आखेन येथील तांत्रिक विद्यापीठाच्या परिसरातील हौशी कार्यकर्त्यांनी ‘डॅपनेट’ नावाचे पेजरजाळे उभारले. ते ४३९.९८७५ मेगाहर्ट्झवर चालते, आणि त्याचे प्रक्षेपक हौशी लोकांनी आपापल्या घरी व टेकड्यांवर बसविलेले आहेत.

आता हेच निरोप मोबाइलवर आणावयाचे असतील, तर गच्चीवर एक आकाशक, त्याला जोडलेला दूरदर्शन पाहण्यासाठी बनविलेला स्वस्त यूएसबी ग्राहक, आणि एक लहान संगणक एवढे पुरते. असा ग्राहक इतर अनेक लहरी ऐकावयासही उपयोगी पडतो, हा शोध २०१२ च्या सुमारास लागला. संगणक प्रक्षेपणातून आपला क्रमांक वेचून मजकूर उलगडतो आणि सूचनेच्या रूपाने फोनकडे धाडतो. पोकसॅगच्या मजकुराची अक्षरे सात बिटांची असल्यामुळे देवनागरी तीत मावत नाही. परंतु आधीच ठरवून ठेवलेल्या खुणेच्या अंकांचा अर्थ संगणकच मराठीत उलगडून फोनवर दाखवू शकतो. ‘पाणी तळघरात आले’ एवढे सांगावयास दोन अंकही पुरतील. पेजरवर जी गोष्ट साधत नाही, म्हणजे निरोप पोचल्याची पोच, तीही फोनकडून परत मिळविता येते.

पण येथेच सावध राहिले पाहिजे. सूचना बहुधा गूगल किंवा ॲपल यांच्या दूरदेशीच्या यंत्रांवरून फोनवर येते. वीज, घरचे इंटरनेट, मनोरा आणि ही यंत्रे यांपैकी एकही दुवा तुटला, की पेजरचा निरोप गच्चीपर्यंत येऊन तिथेच थांबेल. ज्या पुराच्या भीतीने ही खटपट करावयाची, त्याच पुरात ती निकामी व्हावी, यापरती विसंगती ती कोणती? यावर उपाय असा की, मूळ पेजर टाकू नये. तो बॅटरीवर स्वतंत्रपणे वाजत राहावा आणि फोनची सूचना ही त्याची केवळ नक्कल असावी. अँड्रॉइड फोन घरच्याच संगणकाशी वाय-फायवरून थेट जोडून ठेवता येतो. तेवढ्यापुरते बाहेरचे इंटरनेट बंद पडले तरी चालते. मात्र संगणकाला व वाय-फायला बॅटरीचा आधार हवा.

भारतापुरती आणखी एक अडचण आहे. या पट्ट्यात हौशी केंद्रांना ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ एवढाच भाग दिलेला आहे. म्हणजे जर्मन जाळ्याची लहर जशीच्या तशी येथे वापरता येणार नाही. प्रक्षेपणासाठी परीक्षा देऊन परवाना काढावा लागतो. हौशी प्रक्षेपणात गुप्त लिपी चालत नाही. म्हणून खुणेच्या अंकांचा तक्ता सर्वांना खुला असला पाहिजे. असे मजकूर कोणीही ऐकू शकतो, हे गृहनिर्माण संस्थेच्या चिटणिसांनी आधीच ध्यानात घ्यावे. रहिवाशांची आजारपणे किंवा दूरध्वनी क्रमांक त्यात घालू नयेत. पाणी किती चढले, कोणता जिना मोकळा आहे, होडी कुठे लागणार, एवढेच घालावे.