जाड अक्षराचा जीव पांढऱ्यात

रोमन 'ओ' कितीही फुगवला तरी मधली पोकळी थोडी आक्रसते, बाकी बिघडत नाही. 'राष्ट्र' मधला 'ष्ट्र' फुगवायला घ्या म्हणजे देवनागरीची अडचण कळते. वर शिरोरेषा, खाली 'ट'चे पोट, त्याखाली रकाराची काकपदे, आणि हे सगळे एकाच उभ्या चिंचोळ्या जागेत. काळे वाढवायचे तर पांढरे कुठून तरी काढावेच लागते. 'बालू' हा फॉन्ट बघताना मला त्याचा गुबगुबीतपणा नंतर दिसतो. आधी दिसतो तो हा पांढऱ्याचा हिशेब.

बालू मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षररचनाकारांच्या गटाचा. नाव किपलिंगच्या 'जंगल बुक'मधल्या अस्वलाचे. आपल्या छापील देवनागरीचे जुने वळण बोरूचे: तिरप्या कापलेल्या टोकामुळे रेघ कुठे जाड, कुठे बारीक. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याच्या खिळ्यांनी हेच वळण धातूत उतरवले. बालूने बोरू बाजूला ठेवला. रेघ जवळपास सारखी जाड, कोपरे गोलसर, कुठे टोचणारे टोक नाही. 'जवळपास' म्हणायचे कारण असे की अशा वजनदार अक्षरात रेघ खरोखरच सारखी ठेवली तर गाठी आणि सांधे काळे डाग होऊन बसतात. म्हणून रेघा जिथे भेटतात तिथे हळूच मांस काढावे लागते. वाचणाऱ्याला ते कळता कामा नये.

खरा पसारा मात्र लिप्यांचा. बालू नऊ भारतीय लिप्यांसाठी वेगवेगळा घडवला गेला आणि बहुतेकांना घरच्या नात्याची नावे मिळाली: गुजरातीत भाई, बंगालीत दा, गुरुमुखीत पाजी, ओडियात भाईना, तमिळमध्ये थंबी, मल्याळममध्ये चेट्टन. उर्दू-अरबीसाठी भाईजान. ओडिया आणि मल्याळम जन्मतःच गोल, त्यांना हे अंगरखे सहज बसतात. गुजरातीला शिरोरेषा नाही, तेलुगू-कन्नडमध्ये जोडाक्षराचे दुसरे व्यंजन खाली लटकते. तरीही एका फलकावर चार लिप्या आल्या तर कुणी कुणाला दाबू नये. मोजपट्टीने हे साधत नाही. रेघेची जाडी लिपीगणिक कमी-जास्त करून डोळ्याला सारखी वाटेपर्यंत बघत राहावे लागते.

सुरुवातीला बालू एकाच वजनात, म्हणजे रेघेच्या एकाच जाडीत होता. पुढे 'बालू २' आला, त्यात पाच वजने आहेत. परवाना खुला, फॉन्ट फुकट. त्यामुळे तो कुठेही भेटतो, आणि कधी कधी जिथे भेटू नये तिथेही.

याच गटाचा 'मोदक' आणखी पुढे जातो. त्याची देवनागरी सारंग कुलकर्णींची, रोमन मैथिली शिंगरे यांची. इथे अक्षराच्या आतली पोकळी जवळजवळ संपलीच आहे. उरल्या आहेत नुसत्या चिरा, आणि त्या चिरांवरच 'घ' की 'ध' हे ओळखायचे. देखणा प्रकार आहे, पण दोन-तीन शब्दांपलीकडे डोळा थकतो. मोदक वापरायचा तर आकार भरपूर मोठा घ्यावा, ओळींमध्ये मात्रा-उकारांना जागा सोडावी आणि मजकूर दुसऱ्या कुणाकडे द्यावा. याच गटाचा 'मुक्त' त्यासाठी शांतपणे उभा आहे. श्रद्धांजलीच्या फलकाला मात्र बालूही नको आणि मोदकही नको.