धावण्याचे कपडे : पैसे कशाला मोजायचे?

धावण्याचा टी-शर्ट घेताना छातीवरच्या चिन्हापेक्षा धागा आणि शिवण पाहावी. नेहमीच्या हवेत सुती धागा वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरतो, पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्के. म्हणून घामाने सुती टी-शर्ट जड होऊन अंगाला चिकटतो. पॉलिस्टरमध्ये घाम धाग्यांमधल्या फटींतून पसरतो आणि लवकर वाळतो. हा गुण धाग्याचा आणि विणीचा, ब्रँडचा नव्हे. त्यामुळे स्पर्धेच्या किटमध्ये मिळालेला साधा पॉलिस्टर टी-शर्टही रोजच्या सरावाला पुरतो. मुंबईच्या दमट हवेत तर घाम वाळायलाच वेळ लागतो. तिथे महागडे कापडही फार काही करू शकत नाही, पातळ आणि सैल कपडाच बरा.

पॉलिस्टरला वास येतो, हा आक्षेप खरा आहे, कारण त्वचेचा तेलकटपणा त्यात धरून राहतो. पण आल्याआल्या धुतले आणि फॅब्रिक सॉफ्टनर टाळला, तर तो आटोक्यात राहतो. थोडेच अंतर धावणाऱ्याला सुती टी-शर्टही चालेल. ‘महाग ते चांगले’ हे मात्र कपडा उलटा करूनच ठरवावे. काखेतल्या आणि मांडीच्या आतल्या शिवणीवर बोट फिरवा. ती उंच, खरखरीत लागली तर लांब पल्ल्यात कातडी तिथेच सोलवटणार. वाचलेले पैसे मोजे आणि शॉर्ट्स यांवर, तर स्त्रियांनी आधी स्पोर्ट्स ब्रावर खर्चावेत. तिचा खालचा पट्टा सैल पडला, की ती बदलायलाच हवी.